दत्तूच्या वयाचा माणूस

माणसाच्या वयावर अण्णा पुरळकराचा फारसा विश्वास नव्हता. घाटकोपरच्या त्या दवाखान्यात कंपाउंडरकी करताना लोकांची वयं त्याला पडद्याआडूनच ऐकू यायची आणि त्यातलं एकही खरं नसायचं. बायका पाच वर्षं गिळायच्या, म्हातारे दहा वाढवायचे, आणि कोपऱ्यावरचा भुसारी तर कित्येक वर्षं एकोणपन्नासावर ठाण मांडून बसला होता. पन्नाशीत पाय टाकला की आजार सुरू होतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते कुणीतरी म्हणजे अण्णाच. तेव्हा वयाचा आकडा कानावर आला की अण्णा बाटलीवर चिकटवायची कागदाची पट्टी कातरायला घ्यायचा. डोस मोठ्याचा की पोराचा, एवढं कळलं की त्याचं काम भागायचं. त्या सोमवारी सकाळी मात्र डॉक्टरांनी विचारलं, "नाव?" तर उत्तर आलं, "मार्तंड परब." "वय?" "चौतीस." आणि अण्णाची कात्री कागदात अर्ध्यावर थांबली.

नावानं थांबली असं कुणी म्हणेल, पण तसं नव्हतं. ते नाव आठ वर्षं त्याच्या डोक्यात मुक्कामालाच होतं, फक्त घरात कुणी उच्चारत नसे. घरात त्या माणसाला 'तो' म्हणत. कात्री अडकली ती चौतिसावर. अण्णाचा धाकटा भाऊ दत्ताराम आणि हा मार्तंड एकाच महिन्यात जन्मलेले, चाळीतल्या एकाच नळाखाली नागडे नाचलेले. आणि आठ वर्षांपूर्वी याच मार्तंडानं भिरकावलेली सोड्याची बाटली कानशिलावर बसून दत्तू गेला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. अण्णाच्या डोक्यात तो अजून सव्वीसचाच होता. कालही सव्वीस, गेल्या दिवाळीतही सव्वीस. अण्णाचे स्वतःचे केस कानांवर पिकले होते, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, चाळीच्या दारातला शेवगा दोनदा पडून तिसऱ्यांदा उभा राहिला होता. पण दत्तूही चौतिसाचा होऊ शकतो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि आता पडद्यापलीकडे ते चौतीस बाकावर बसलं होतं, घसा खाकरत होतं.

"अण्णा," डॉक्टरांनी पडदा सारला, "तळहातात लाकडाची फास गेलीय, खोल आहे. काढा आणि आयोडीन लावा." पुढचा रोगी आत गेला, पडदा पुन्हा पडला, आणि औषधांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर मार्तंड परब येऊन बसला. त्यानं वर पाहिलं. अण्णानं खाली पाहिलं. "अण्णा, मला ठाऊक नव्हतं तुम्ही इथं आहात ते," तो उठायला लागला, "मी दुसरीकडे जातो." "बस," अण्णा म्हणाला. का म्हणाला, हे त्याला पुढं कितीतरी दिवस सांगता आलं नसतं. रोगी स्टुलावर बसला की 'बस' म्हणायची सवय, एवढंच असेल. "कुठं लागलं?" "मुलुंडला, लाकडाच्या वखारीत. वर्ष झालं तिथं लागून." मार्तंडानं हात पुढं केला. डावा. अर्थात डावा, तो जन्माचा डावखोरा. अण्णानं तो हात आपल्या गुडघ्यावर घेतला, चिमटा स्पिरिटच्या दिव्यावर धरला, आणि तळहातावर वाकला. वाकल्यावर मार्तंडाचं डोकं त्याच्या अगदी जवळ आलं. कपाळावरचे केस मागं हटले होते. भुवईत दोन पांढरे. डोळ्यांखाली काळसर पिशव्या. दत्तूचे केसही असेच हटले असते काय? त्यांच्या वडिलांचे हटले होते. अण्णा फास शोधत होता आणि त्या कपाळावर दत्तूचं कपाळ ठेवून पाहत होता, जसं लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचे. थोडं थोडं उमटतही होतं. त्याचाच त्याला राग आला.

हा हात तो ओळखत होता. मिठागरांच्या कडेला ते मैदान होतं, पावसाळा संपला की चिखल वाळायचा आणि हुतूतूचे सामने लागायचे. दत्तू घाटकोपरच्या संघात. मार्तंड मुलुंडला मामाकडे राहायला गेलेला, म्हणून तिकडच्या. शेवटची चढाई दत्तूची. तो आत शिरला, दोघांना शिवला, परतताना मार्तंडानं त्याचा घोटा पकडला आणि दोघेही आडवे झाले. दत्तूचं बोट मधल्या रेघेला टेकलं, यावर कुणाचा वाद नव्हता. वाद दमाचा होता. मार्तंड म्हणाला, रेघेआधीच दम तुटला. दत्तू म्हणाला, नाही तुटला. पंच दूर, आरडाओरडा हा एवढा. घोटा धरून त्याला बिलगलेला मार्तंड एकटा काय तो ऐकू शकत होता. धक्काबुक्की झाली, सुटली, पुन्हा झाली. मग दत्तू काहीतरी बोलून हसला. त्याचं ते हसणं मुळात चिडवणारंच होतं, देवापुढं उभा राहूनही तो तसाच हसायचा. मार्तंडानं मागं वळून सोडावाल्याच्या खोक्यातली बाटली उचलली. डाव्या हातानं. अण्णा सोडावाल्याच्या शेजारीच उभा होता. बाटली उचलली गेली तेव्हा तिच्या गळ्यातली गोटी काचेत खुळखुळली, तो आवाज त्यानं ऐकला. पुढचं सगळं त्याला आवाजाशिवाय आठवायचं. दत्तू खाली बसला, जणू घटकाभर विश्रांतीला, आणि संध्याकाळी इस्पितळात वारला. मार्तंड पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तो तिथंच मैदानात उभा होता, हात अंगापासून दूर धरून, ओला रंग लागलेला हात धरतात तसा. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तेव्हापासून अण्णा सोडा पीत नसे. पोट कितीही फुगो, स्वतःच्या हातानं कारमिनेटिव्ह मिक्श्चर करून घ्यायचा.

फास निघाली. चांगली दात कोरण्याच्या काडीएवढी होती. अण्णानं कापूस आयोडीनमध्ये बुडवला आणि थोडा जास्त बुडवला. आठ वर्षांत त्यानं या माणसाचं काय काय केलं नव्हतं: त्याला मिठागराच्या खाऱ्या पाण्यात उलटा टांगला होता, त्याच्या कोठडीत ढेकूण सोडले होते, एकदा तर तुरुंगाच्या भिंतीवरून वीज पाडली होती. आणि प्रत्यक्ष सूड उगवायची वेळ आली तेव्हा झालं ते एवढंच, आयोडीनचे दोन थेंब जास्त. मार्तंडानं ओठ आवळले, हूं की चूं केलं नाही. आणि तेवढ्यात अण्णाच्या हातून, म्हणजे खरं तर तोंडून, चूक झाली. दिवसाकाठी वीस पोरांचे गुडघे फुटतात, वीस वेळा आयोडीन लागतं, वीस वेळा लावणारा फुंकर घालतो. त्याच सवयीनं त्यानं त्या तळहातावर फुंकर घातली. थंड वाटावं म्हणून. घालून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. मार्तंडालाही कळलं असावं, कारण जो माणूस आयोडीननं हलला नाही, त्यानं फुंकरीनं हात मागं ओढला. "परवा पट्टी बदलायला ये," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाला.

घरी मात्र वेगळाच घोळ उभा होता. शुक्रवारी पितृपक्षातला दत्तूचा म्हाळ. पुरळकरांच्या घरची रीत अशी, की कुणी अकाली गेलं तर त्याच्या म्हाळाला त्याच्याच वयाचा माणूस जेवायला बोलवायचा. भटजींचं झालं, कावळ्याचं झालं, की मग हा माणूस पाटावर बसतो, गेलेल्याच्या नावानं पोटभर जेवतो, आणि घरातली म्हातारी विचारते, "पोटभर जेवलंस मा रे?" तेव्हा त्यानं गेलेल्याच्या जागी उत्तर द्यायचं, "जेवलो, आये." एवढं झालं की गेलेला वर्षभर उपाशी राहत नाही. दत्तूच्या जागी इतकी वर्षं शेजारचा बाळ सामंत बसत होता. बाळही चौतिसाचाच, पण त्याच्याकडे बघून दत्तूचं वय कधी कुणाच्या मनात आलं नाही, कारण बाळ विसाव्या वर्षीच टकला आणि ढेरपोट्या झाला होता. देवानं त्याला मुळात पेन्शनर म्हणूनच घडवलं होतं. मात्र जेवायचा अशा तळमळीनं, की दत्तू तृप्त होऊन वर ढेकर देत असणार याबद्दल आईला शंका उरत नसे. आणि गेल्याच शनिवारी दवाखान्यात अण्णानं स्वतःच्या हातानं बाळाची लघवी निळ्या औषधात घालून उकळली, तर ती विटकरी झाली. साखर. "वर्षातून एकदाच तर खातो यार," बाळ काकुळतीला आला होता, "एवढी खीर होऊ दे, मग मी पथ्य धरतो." पण त्याच्या बायकोनं दारात उभं राहून सांगितलं, की दत्तूभावजींना जेवू घालण्यासाठी ती आपलं कुंकू पणाला लावणार नाही.

"दुसरो बघ," आई म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती, मोतीबिंदूनं दुधाळ झालेले डोळे दाराकडे लावून. माणूस आला-गेला इतकंच तिला सावलीसारखं दिसायचं. "एवढ्या घाटकोपरात माझ्या दत्तूच्या वयाचो एक माणूस गावणा नाय?" "गावेल गं." "गावेल म्हणजे? यंदा तो उपाशी ऱ्हवलो तर बघ हां." अण्णाची बायको सुगंधा काळे वाटाणे निवडत होती, ती हसली. "मी काय म्हणते, दत्तूभावजींना एका जेवणावर दहा वर्षं काढायला काय हरकत आहे? एका दमात घाटकोपराहून मुलुंडच्या पुढं गेलेला माणूस तो." सुगंधा लग्न होऊन या घरात आली ती दत्तू गेल्यावर. तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं. तिच्या लेखी दत्तू म्हणजे अण्णानं सांगितलेला दत्तू, आणि अण्णानं सांगितलेला दत्तू काही साधासुधा नव्हता. त्या दत्तूनं एकदा चढाईला जाताना 'हुतूतू' धरलं, सात जण पायांना लोंबकळले, तर सातांसकट रेघ ओलांडली, मैदान ओलांडलं आणि तसाच पळत सुटला. भांडुपला एक गाय जोडीला आली, पुढं जकात नाक्यावरच्या कारकुनानं अडवून सांगितलं, की एवढा मोठा दम हद्दीबाहेर न्यायचा तर जकात भरावी लागेल, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला आणि नाक्यावरच्या पावत्या खाडीपर्यंत उडाल्या. ही गोष्ट अण्णा दवाखान्यात सांगे, न्हाव्याकडे सांगे, लग्नाच्या पंगतीत सांगे. दर खेपेला नाका थोडा पुढं सरके. सुरुवातीला तो ती आईला हसवायला सांगायचा. पुढं कधीतरी त्याच्या ध्यानात आलं, की मैदानातला तो शेवटचा दम आठवला की आपलाच श्वास अडकतो, आणि हा दुसरा दम, गायीसकटचा, सांगितला की सुटतो. पण याची किंमत अशी झाली की खरा दत्तू दिवसेंदिवस पुसट होत गेला. तो दाढी उलट्या दिशेनं करायचा की सुलट्या? झोपेत दात खायचा तो दत्तू की मोठा मामा? अण्णाला आता सांगता येत नव्हतं. थापांच्या ढिगाखाली भाऊ गाडला गेला होता आणि ढीग त्यानंच घातला होता, तोही प्रेमानं.

त्या रात्री तो पडल्या पडल्या दत्तूच्या वयाची माणसं आठवत राहिला. सुताराचा चंद्रप्रकाश शुक्रवारी उपास करतो. पोस्टातला नंदकुमार चौतीस सांगतो, पण त्याचा मुलगाच चोविसाचा आहे. गिरणीतला एक होता, तो गावी गेलेला. आणि प्रत्येक नावाच्या मागून तेच ते हटलेलं कपाळ वर येत होतं. हा जगात एकटाच माणूस होता ज्याच्याकडे बघितलं की दत्तू आज कसा दिसला असता ते दिसत होतं. यानं त्याचं वय घेतलं, म्हणजे आता ते याच्यापाशीच असणार, दुसरीकडे कुठं शोधायचं? अण्णा या विचारावर अंधारात स्वतःशीच हसला, मग हसल्याबद्दल दचकला. आईला कळलं तर? तिनं पहिली दोन वर्षं रोज सकाळी बोटं मोडली होती त्या माणसाच्या नावानं. मग एके दिवशी मोडायची थांबली, का ते तिनं सांगितलं नाही. ज्या पाटावर तिचा मुलगा जेवतो असं ती मानते, तिथं त्याला मारणारा बसला हे तिला कळलं, तर म्हातारी कोसळेल, आणि दत्तू तर तिच्या लेखी कायमचाच उपाशी राहील. एवढा जुगार कोण खेळेल?

अण्णा खेळला. बुधवारी पट्टी सोडली, जखम कोरडी पडत होती. "शुक्रवारी दुपारी काय करतोस?" "वखारीत असतो." "रजा टाक. जेवायला ये घरी." "कशाचं जेवण?" "म्हाळ आहे." "अण्णा," मार्तंड खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही मला चपलेनं मारा. पण अशी चेष्टा करू नका." "चेष्टा करायची असती तर तुला एरंडेल पाजलं असतं. हे बघ, दत्तूच्या वयाचा माणूस लागतो. बाळ सामंताला साखर झालीय." "पण काकी..." "आईला दिसत नाही. तू तोंड उघडायचं नाहीस. नाव तुझं चिंतामणी. अंधेरीला असतोस, सिनेमाच्या स्टुडिओत पडदे रंगवतोस." "मला रंगवता येत नाही, अण्णा." "मग? म्हातारी काय तुझ्याकडून भिंती रंगवून घेणार आहे?" मार्तंडानं पट्टी सोडलेला हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत बसला. "या हातानं मी जेवत नाही," तो म्हणाला. "तुरुंगात सवय केली. उजव्यानं जेवतो, सांडतं, पण जेवतो." "चांगलं आहे," अण्णा म्हणाला. "म्हाळाला उजव्यानंच जेवायचं असतं."

शुक्रवारी तो आला. इस्त्रीचा सदरा घातलेला, दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटी सोलवटली होती. कावळ्यानं बाहेर पानावर ठेवलेली वाडी केव्हाच उचलली होती. सुगंधा म्हणाली, त्यालाही बाळ सामंताची जागा हवी असेल. आई नेहमीच्या जागी भिंतीला टेकलेली. "कोण तो?" "चिंतामणी. अंधेरीचा. दत्तूच्याच वयाचा." "काय करता?" मार्तंडानं तोंड उघडायच्या आत अण्णा पुढं सरसावला. सिनेमाचे पडदे रंगवतो, म्हणाला, मोठा कलावंत. मागं यानं हिमालयाचा पडदा असा रंगवला, की त्याच्यासमोर उभं राहून नाचणाऱ्या पंधरा मुलींना सर्दी झाली आणि दवाखान्यातलं खोकल्याचं औषध आठवडाभर अंधेरीला जात होतं. "अगो बाय माझे," आई एवढंच म्हणाली. एरवी अशा थापेवर ती चार प्रश्न विचारायची. अण्णाच्या कानात कुठंतरी गोटी खुळखुळली.

पान वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळा, आमसुलाची चटणी, खीर. अण्णा शेजारच्या पाटावर बसला. मार्तंड उजव्या हातानं जेवू लागला. डावा हात मांडीवर पालथा, कुणा दुसऱ्याचा सांभाळायला घेतल्यासारखा. शितं पानाबाहेर पडत होती, खीर मनगटावरून ओघळत होती, आणि तो खाली मान घालून एकेक घास गिळत होता. सुगंधा वाढता वाढता थबकून बघत होती. हा कलावंत मुलींना सर्दी करतो खरा, पण याला घास धरता येत नाही. अण्णाला स्वतःच्या पानातलं काही लागत नव्हतं. तो दत्तूकडे बघत होता. म्हणजे त्या कपाळाकडे. चौतिसाचा दत्तू असा जेवला असता काय, मान खाली घालून? छे. दत्तूनं खिरीवरून सुगंधाला दोन टोमणे मारले असते. ही आठवण नव्हती, पण थापही नव्हती. आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच दत्तू त्याच्या डोळ्यांपुढं काहीही अचाट न करता नुसता बसला. शेवटचा घास संपला. आई सावरून बसली. दर वर्षीसारखीच, दाराकडे तोंड करून तिनं विचारलं, "पोटभर जेवलंस मा रे, दत्तू?"

मार्तंड बोलेना. सुगंधा पळी हातात धरून उभी. अण्णाच्या छातीत श्वास भरून राहिला आणि सोडवेना. हा आता काही बोलला नाही तर दत्तू वर्षभर उपाशी, आणि बोलला तर आवाज ओळखू येणार. आठ वर्षांत आवाज बदलतो का, याचा अभ्यास त्यानं केला नव्हता. मार्तंडानं दोनदा ओठ उघडले. तिसऱ्यांदा आवाज आला, अगदी लहान मुलाचा वाटावा असा. "जेवलो, आये."

आईनं मान हलवली. डोळ्यांवरून पदर फिरवला, नाक पुसलं. मग म्हणाली, "दत्तू जेवलो. सुगंधा, ता पान उचल नि दुसरा मांड. नि पाण्याचा भांडा त्या बाजूक ठेव गो, डावरो आसा तो." "कोण डावरा?" सुगंधानं विचारलं. "मार्तंड," आई म्हणाली. आठ वर्षांनी ते नाव त्या खोलीत आलं, आणि भिंत पडली नाही की छप्पर. "डोळ्यांक दिसणा नाय माका, कानांक काय धाड भरली हा? दारात चपला काढल्यान तेव्हाच कळला. म्हणे सिनेमाचो पडदो." मार्तंड पाटावरून उठायला गेला, त्याचा पाय पानात पडला, तो तसाच गुडघ्यावर बसला. "काकी, मी जातो." "बस थंय. दत्तूचा जेवान झाला, तुझा खंय झाला? इतकी वर्षा माझ्या पंगतीक जेवलंस, तेव्हा कधी पानाबाहेर शीत पडला नाय, नि आज खीर टपटपताना ऐकलंय. आता तुझ्या हातान जेव." "तो हात नको, काकी." "मेल्या, त्याच हातावर पळी मारून मारून माझी पळी वाकडी झाली, तरी सुधारलंस नाय. नि आता म्हणतंस तो हात नको. हय दी तो हात."

त्यानं हात पुढं केला नाही. आईनंच चाचपत पुढं सरकून तो शोधला. मांडीवरून उचलला, उलटा केला, तळहातावर बोटं फिरवली. अण्णाला वाटलं, आता ती रडेल, किंवा तो हात फेकून देईल, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी आपण काय करायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. तिची बोटं जखमेच्या खपलीवर थांबली. "ह्या काय?" "फास गेली होती." "कोणी काढल्यान?" "अण्णांनी." ती अण्णाकडे वळली, म्हणजे तो जिथं असेल असं तिला वाटलं तिकडं. "औषध लावल्यावर फुंकर घातलंस मा रे?" "घातली," अण्णा म्हणाला. "मग बरा," ती म्हणाली. सुगंधानं तोवर दुसरं पान मांडलं होतं, त्यावर आईनं तो हात नेऊन ठेवला.

सुगंधानं गरम वडे आणले. ती हुशार बाई. मार्तंड म्हणजे कोण, हे तिनं नवऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचलं होतं. पण वडे गरम असताना माणसाला काही विचारू नये एवढं तिला कळत होतं. मार्तंड आधी नुसताच बसला. मग त्या हातानं वडा मोडला. बोटं विसरली नव्हती. सांबाऱ्यात बुडवून घास तोंडाशी नेईपर्यंत एक थेंब सांडला नाही. फक्त त्याचं कोपर डावीकडं अण्णाच्या बरगडीत बसलं. अण्णाच्या त्या जागी पूर्वी दत्तू बसायचा आणि दर पंगतीला ओरडायचा, की याला टोकाला बसवा. अण्णाला ते एकाएकी जसंच्या तसं आठवलं, दत्तूचा तो वैतागलेला आवाज, बारीक, नाकातला. नाकातला होता. हे तो पार विसरला होता. "सरकू का?" मार्तंडानं विचारलं. "सरकू नकोस," अण्णा म्हणाला.

"एक सांग," आई म्हणाली. "त्या दिवशी दत्तूचो दम तुटलो होतो काय रे?" मार्तंडाचा घास हातात राहिला. "नाही, काकी," तो घाईघाईनं म्हणाला. "नव्हता तुटला. मीच उगाच बोललो. अगदी रेघेपर्यंत होता." अण्णा थापांच्या धंद्यात मुरलेला माणूस. खोटं बोलताना पानाकडे बघू नये, घाई करू नये, आणि 'अगदी' तर चुकूनही घालू नये, हे या अडाण्याला कुणी शिकवलंच नव्हतं. इतकी बेंगरूळ थाप त्यानं जन्मात ऐकली नव्हती, आणि ती ऐकताना त्याला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. सात वर्षं ज्या एका शब्दासाठी हा आत बसून आला, तो शब्द यानं म्हातारीच्या पानावर वाढून टाकला होता. पण म्हातारी हसायला लागली. "खोटा बोलता. दत्तू दम चोरायचोच. आरतीत सुद्धा चोरायचो. 'जय देव' म्हणताना हळूच श्वास घ्यायचो नि माझ्याकडे बघून हसायचो, की आयेक कळला काय. माका कळायचाच." ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळे पुसत होती. "तुटलो असतलो. नि वर तुका हसलो असतलो. होय मा?" मार्तंडानं मान खाली घातली. "हसला होता, काकी." "म्हणान तुका राग इलो." "हो." "राग येवचो. बाटली मारूची नाय होती." "नाही मारायची होती," मार्तंड म्हणाला. ती दोघं हे असं बोलली, जसं कुणी दूध उतू गेल्याबद्दल बोलावं, आणि त्या खोलीत इतकी वर्षं उभं असलेलं काहीतरी टेकायला जागा मिळून खाली बसलं.

सुगंधा मात्र कंबरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली होती. "म्हणजे भावजी दम चोरायचे? मग ते मुलुंडपर्यंतचं काय? ती गाय? तो जकात नाका?" अण्णानं विचार केला. "नाक्यापर्यंत नाही तुटला," तो म्हणाला. "येताना तुटला असेल." मार्तंडाला ठसका लागला. तो हसत होता की रडत होता हे बघायची कुणाला गरज वाटली नाही. आईनं चाचपडत त्याच्या पाठीवर दोन थापा घातल्या आणि सुगंधानं वड्यांची परात पुढं केली. "अजून किती वाढू? भावजी किती खायचे?"

"बारा," अण्णा म्हणाला.

"पाच," आई म्हणाली. "चावट मेलो. पाचच खायचो."

मार्तंडानं तोंडातला घास गिळला, डावा हात पुसायला विसरून तसाच वर धरला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा साक्ष दिल्यासारखा ठाम म्हणाला, "सात, काकी. दोन माझ्या पानातले उचलायचा."